तौजीच्या विहिरीजवळची पावलं

तेकबर : ओळखत नाहीत असं कोण म्हणतंय? ओळखतात, म्हणूनच तोंड फिरवतात.

यहदीह : मशिदीत सगळ्यांनी हात मिळवला. प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, सगळं विचारलं. आणि मग एकेक जण चपला शोधायला लागला.

तेकबर : हात रीत म्हणून मिळवला असेल. परतून आलेल्याला सलाम न करणारा माणूस या गावात अजून जन्मायचाय.

यहदीह : दुकानापाशी लेहबीब बसला होता. लहानपणी त्याच्या गाडीच्या टपावर बसून मी अटारच्या बाजाराला जायचो. त्याने सलामाला उत्तर दिलं आणि म्हणाला, ‘तुझ्या बापाने रस्ता बंद केला. आता तू कशाला आलास?’ एवढंच बोलून तो उठून गेला. कसला रस्ता, तेकबर?

तेकबर : चहा घे. गार झाला की कडवट लागतो.

यहदीह : कसला रस्ता?

तेकबर : मोटारींच्या रॅलीचा. तुला खरंच माहीत नाही, की माझ्या तोंडून वदवून घेतोयस?

यहदीह : रॅली रद्द झाली, मग दुसऱ्याच खंडात गेली, एवढं कानावर आलं होतं. त्यात बाबांचा काय संबंध? बाबा वाटाड्या होते. गाड्यांना वाट दाखवायचे. वाट बंद करणारे ते कोण?

तेकबर : हे बघ, परवा तू दारात उभा राहिलास तेव्हा मी तुला काही विचारलं नाही. आई तुझा चेहरा चाचपत होती, तिच्यासमोर काय विचारणार? बाबांना मातीत ठेवून एक खजुराचा हंगाम उलटला आणि मग तू येतोस. ठीक आहे, आलास. पण आता विचारलंयस तर सगळं ऐक. मधे बोलू नकोस. आई उठायच्या आत मला संपवायचंय, कारण यातलं अर्धं तिला माहीत नाही आणि कधी कळायलाही नको.

यहदीह : नाही बोलत.

तेकबर : तू उत्तरेकडच्या बंदूकवाल्यांत सामील व्हायला गेलास, त्यानंतरचा दुसरा हिवाळा. जाताना तू बाबांना काय म्हणालास, ते आठवतं?

यहदीह : आठवतं.

तेकबर : गोऱ्यांच्या गाड्यांपुढे धावणारा कुत्रा म्हणालास. मी चुलीपाशी होते, मला ऐकू आलं. तू गेलास, आणि बाबांनी फक्त एवढं विचारलं की पोराने पाण्याची पखाल घेतली का. ते असू दे. तर तो हिवाळा. रॅली यायची म्हणून गाव कामाला लागलं होतं. बायकांनी चामड्याच्या उशा शिवून ठेवल्या होत्या, मी ओढण्या रंगवून गच्चीवर वाळत घातल्या होत्या. घरोघर बकरे बांधलेले. लेहबीबने गाडीचं इंजिन उतरवून, धुऊन, पुन्हा बसवलं होतं. पोरं तर सकाळपासून टेकडीवर. गाड्या यायला अजून कितीतरी दिवस, पण चांगली जागा कुणी पकडू नये म्हणून आत्तापासूनच जाऊन बसायची.

यहदीह : आपणही बसायचो.

तेकबर : बसायचो. आणि मग रेडिओवर ती बातमी आली. दक्षिणेकडे, मोठ्या रस्त्याच्या कडेला जेवायला थांबलेल्या परदेशी कुटुंबावर कुणीतरी गोळ्या झाडल्या. आधी लोक म्हणाले, ते लांब तिकडे. आपल्या डोंगरात कोण येतंय मरायला? पण चहा पिताना सगळे रेडिओभोवती बसायला लागले, आणि रेडिओ बंद झाला तरी कुणी उठेना. मग रॅलीवाल्यांचा माणूस वाट तपासायला आला. रेमी. तो तुला आठवेल. आईसाठी चष्मा घेऊन आला होता.

यहदीह : उंच. आपल्या चटईवर पाय कुठे ठेवावेत ते त्याला कधी कळलं नाही.

तेकबर : तोच. त्याच्याबरोबर राजधानीतून, नुआकशोतहून आलेला एक फौजी अधिकारी. बाबा वाटाडे, लेहबीब गाडी चालवायला. चौघं निघाले. अटारपासून पठार चढून, पलीकडे उतरून, वाळूच्या कडेकडेने तौजीच्या विहिरीपर्यंत. गाड्या दर वर्षी त्या विहिरीपासूनच वळायच्या. पुढे मैलोनमैल माणूस नाही.

यहदीह : मला माहीत आहे ती जागा.

तेकबर : तुला माहीत असणारच. बाबांनीच दाखवली होती. मला मात्र हे सगळं बाबांनी फार नंतर सांगितलं, एकाच बैठकीत, माझ्याकडे न बघता. म्हणाले, गाडीतून उतरलो आणि विहिरीच्या कठड्याभोवतीची वाळू तुडवलेली दिसली. उंटांनी तुडवलेली नव्हे, माणसांनी. चार-पाच जण असावेत. थोड्या अंतरावर गाडीच्या चाकांच्या खुणा. बाबा नेहमीसारखे वाकून बघत चालले होते. बाकीच्यांच्या चपलांचे ठसे. एकाच्या पायात काही नव्हतं. पाणी शेंदायला चपला काढल्या असतील. डावं पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं, आणि प्रत्येक पावलामागे टाचेची ओढ.

यहदीह : तेकबर, थांब जरा...

तेकबर : मधे बोलू नकोस म्हटलं ना. तू खजुरावरून पडलास तेव्हा सहा-सात वर्षांचा होतास. हाडवैद्याने पाय वाकडा बसवला. सगळा उन्हाळा बाबा तुला बागेत चालवायचे. तू पुढे, ते मागे. संध्याकाळी वाळूतली पावलं बघून आईला सांगायचे, आज इतका सरळ आला, आज जरा कमी. त्या माणसाला ते पाऊल कुणी शिकवायला नको होतं. मला म्हणाले, तुझ्या आईची हाक जशी ओळखू येते, तसं ते पाऊल ओळखलं. म्हणाले, खोल उमटलं होतं. म्हणजे पोर उपाशी नव्हतं. त्या क्षणी त्यांना आधी हेच सुचलं, बघ. पोर उपाशी नाही.

यहदीह : मग?

तेकबर : मग तो अधिकारी गाडीतून उतरून त्यांच्याकडे यायला लागला. बाबा म्हणाले, माझी नमाज राहिलीय. आणि तिथेच, त्या पावलांवरच, गुडघे टेकले. वाळूत दोन्ही हात फिरवले, तोंडावरून फिरवले, पुन्हा वाळूत फिरवले. पाणी नसलं की नमाजाआधी वाळूने वजू करतात, हात-तोंड शुद्ध करतात, तसा. अंगरख्याचा घोळ पसरला. हाताला लागतील तेवढी सगळी पावलं पुसली. एक राहिलं. अगदी समोर. ते पुसायचा धीर झाला नाही म्हणाले. सजद्यात जाताना कपाळ त्याच्यावर ठेवलं, आणि उठले तेव्हा ते गेलेलं होतं.

यहदीह : अधिकाऱ्याला कळलं नाही?

तेकबर : तो शहरातला. लांब उभा राहून सिगारेट ओढत होता. पण लेहबीब गाडीला टेकून बघत होता. विहीर दोन हातांवर, विहिरीत पाणी, आणि माणूस वाळूने वजू करतोय? असं कोण करतं? त्याने मनात ठेवलं.

यहदीह : आणि चाकांच्या खुणा?

तेकबर : त्या अधिकाऱ्यालाही दिसल्या. पण पुढे खडकाळ जमीन लागते, तिथे त्या पुसट झाल्या. त्याने बाबांना विचारलं, कुठल्या दिशेने गेले? सगळ्या मुलुखाला माहीत होतं की सिदाती वाटाड्याने सांगितलेली दिशा म्हणजे दगडावरची रेघ. बाबांनी पश्चिमेकडे हात केला.

यहदीह : आणि खुणा...

तेकबर : उत्तरेकडे गेल्या होत्या. बाबांना स्वच्छ दिसत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चुकीची वाट दाखवली. फौजेच्या गाड्या आठवडाभर पश्चिमेच्या वाळूत फिरल्या आणि एका धनगराच्या शेळ्या घाबरवून परत आल्या. पण त्याआधी, विहिरीवरून परत निघताना, बाबांनी रेमीला बाजूला घेतलं होतं. त्याला एवढंच म्हणाले, ‘या वाटेने गाड्या आणू नका.’ रेमीने कारण विचारलं. बाबा म्हणाले, ‘इतकी वर्षं तुझ्यासोबत आहे. कधी नाही म्हटलंय? आता म्हणतोय.’ त्यांना काय वाटलं असेल, तूच विचार कर. गाड्या आल्या तर त्यांचं पोर त्या गाड्यांवर बंदूक चालवणार. नाही आल्या तर गावाच्या तोंडचा घास जाणार. हे दोन्ही त्यांनी त्या खडकाळ वाटेवर गाडीत बसून तोललं.

यहदीह : आईला काय सांगितलं?

तेकबर : आईला फक्त तुझं पाऊल सांगितलं. घरात आल्या आल्या, अंगावरची वाळूही न झटकता. म्हणाले, सेलेखा, पोर जिवंत आहे. तौजीच्या विहिरीवर पाणी पिऊन गेलंय. चांगलं खाऊन-पिऊन आहे. आई तेव्हा जशी रडली, तशी नंतर कधीच रडली नाही. तेव्हापासून आजपर्यंत ती त्या पावलावर जगली आहे. पुढचं पश्चिमेचं, पुसलेल्या वाळूचं तिला काही माहीत नाही.

यहदीह : आणि रॅली?

तेकबर : निघायच्या आदल्या दिवशी रद्द झाली. तिकडे पोर्तुगालमध्ये गाड्या धुऊन-पुसून रांगेत लागलेल्या, आणि रेडिओवर सांगितलं, धोका आहे, येणार नाही. आपल्या गच्चीवरच्या ओढण्या तशाच वाऱ्यावर फडफडत होत्या. त्या महिन्यात आम्ही सगळ्यांनी इतकं मटण खाल्लं की काय सांगू. प्रत्येक घासाला कुणीतरी कुणालातरी शिव्या देत होतं. आधी त्या मारेकऱ्यांना, मग फ्रेंचांना, मग आपल्या सरकारला. मग लेहबीबच्या तोंडून निघालं की सिदातीने रेमीला या वाटेने गाड्या आणू नका म्हणून सांगितलं होतं. त्याने गाडीपाशी उभं राहून ऐकलं होतं. त्यानंतर शिव्यांना घर मिळालं.

यहदीह : एका वाटाड्याच्या शब्दावर रॅली रद्द होते का, तेकबर? हे मोठ्या सरकारांनी ठरवलं असणार.

तेकबर : रेमीही तेच म्हणाला. पुढच्या वर्षी एकटाच भेटायला आला होता. म्हणाला, सिदाती, तुमचं बोलणं मी वर कळवायच्या आधीच सगळं ठरून गेलं होतं. बाबांनी त्याला चहा दिला, गाडीपर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, भला माणूस आहे, माझं मन राखायला खोटं बोलतोय. त्यांचा विश्वासच बसला नाही. आणि गावाला तरी कुठे बसायला हवा होता? ज्या दिवशी गाड्या यायच्या होत्या ना, त्या दिवशी सगळं गाव टेकडीवर गेलं होतं. येणार नाहीत हे माहीत असून. मीही गेले. बायका, म्हातारे, नुसते उभे. खाली रिकामा माळ. वारा सुटला की वाटायचं, आवाज येतोय. कुणीतरी म्हणायचं, ऐकलंत का? आणि सगळे कान देऊन उभे राहायचे. अंधार पडायला लागला तसे उतरलो. बाबा घरातच होते. त्यांनी दार लावून घेतलं होतं.

यहदीह : तेवढ्यासाठी लेहबीब अजून बोलत नाही? इतकी वर्षं?

तेकबर : तेवढ्यासाठी असतं तर बरं झालं असतं. अहमेदू आठवतो?

यहदीह : लेहबीबचा मुलगा. माझ्याबरोबर हुंदडायचा.

तेकबर : तो फौजेत भरती झाला. रॅली गेली, बापाची गाडी उभी राहिली, मग काय करणार? त्याच वर्षी पाऊस पडून गेल्यावर त्याच्या गस्तीच्या गाडीवर हल्ला झाला. उत्तरेच्या बाजूने आलेल्या माणसांनी केला. चौघं गेले. अहमेदूला चादरीत गुंडाळून आणलं आणि तोंड कुणाला दाखवलं नाही.

यहदीह : या अल्ला.

तेकबर : बाबा त्यांच्या दारात गेले, पण आत गेले नाहीत. बाहेर भिंतीशी बसून राहिले. ताट आणलं, हात लावला नाही. मातीनंतर काही दिवसांनी लेहबीब आपल्याकडे आला. बाबा अंगणात होते, मी चहा करत होते, म्हणून ऐकलं. तो बसलाही नाही. म्हणाला, ‘सिदाती, त्या दिवशी विहिरीपाशी तू काय पुसत होतास?’ बाबा म्हणाले, ‘तोंड पुसत होतो.’ लेहबीब म्हणाला, ‘विहिरीत पाणी होतं.’ बाबा म्हणाले, ‘होतं.’ झालं. लेहबीब निघून गेला. त्याच संध्याकाळी बाबांनी मला हे सगळं सांगितलं. मी विचारलं, म्हणजे अहमेदूला यहदीहने मारलं असं तुम्हाला वाटतं? म्हणाले, ‘त्याने मारलं असेल तर बंदूक मी भरून दिली.’

यहदीह : तेकबर...

तेकबर : संपू दे. मग ते रोज पहाटे उठून घराभोवती फिरायचे. शेळ्या बाहेर काढायच्या आधी, मी अंगण झाडायच्या आधी. जमिनीकडे बघत. रात्रीतून कुणी येऊन गेलं का. मी एकदा झाडू हातात घेतला तर मनगट धरलं. म्हातारा झालेला माणूस, पण मनगट दुखलं माझं. म्हणाले, माझं बघून झाल्याशिवाय नाही. शेवटी उठता येईना तेव्हा मला पाठवायचे. मी जायचे, बघायचे, येऊन सांगायचे, कुणी नाही. ते म्हणायचे, नीट बघितलंस? अजूनही मी बघून आल्याशिवाय झाडत नाही, यहदीह. सवय लागली आहे. कुणाची वाट बघतेय की कुणाला घाबरतेय, तेही मला माहीत नाही. आता बोल. काय बोलायचं होतं?

यहदीह : मी नव्हतो.

तेकबर : कुठे नव्हतास?

यहदीह : तौजीच्या विहिरीवर. मी तिथे नव्हतो.

तेकबर : पुन्हा सांग.

यहदीह : त्या हिवाळ्यात मी अल्जेरियाच्या तुरुंगात होतो. त्याआधीच्या उन्हाळ्यापासून. इथून निघालो, सीमा ओलांडली, त्या बंदूकवाल्यांच्या तळावर पोचलो. मला भांडी घासायला लावलं. पाय असा, मला कोण बंदूक देणार? काही महिन्यांनी पीठ आणायला गावात पाठवलं आणि तिथेच पकडला गेलो. मी दुसऱ्याचं नाव सांगितलं. माझं सांगितलं असतं तर फौज बाबांच्या दारात आली असती, आणि त्यांचं काम गेलं असतं. म्हणून सगळी वर्षं मी त्या नावाने काढली. कुणाला निरोप नाही, काही नाही. सुटलो तेव्हा खरं नाव सांगितलं. आधी त्यांना खरं वाटेना. मग नुआकशोतला पाठवलं, तिथे पुन्हा चौकशी, आणि मग घरी.

तेकबर : शपथ घे.

यहदीह : अल्लाची शपथ. मी ती विहीर बाबांबरोबर शेवटची पाहिली, तेव्हा मला मिशाही नव्हत्या.

तेकबर : मग ते पाऊल?

यहदीह : मला माहीत नाही.

तेकबर : डावं, बाहेर वळलेलं, टाच ओढणारं. बाबा चुकतील?

यहदीह : माझ्या बराकीत एक जण होता, लहानपणी उंटावरून पडलेला. आम्ही दोघं अंगणात चालायला लागलो की पहारेकरी हसायचे. असे पाय असतात, तेकबर. हाडवैद्य काय एकाच गावात असतात?

तेकबर : म्हणजे त्यांनी कपाळ कुणाच्या पावलावर ठेवलं?

यहदीह : कुणाच्या तरी मुलाच्या.

तेकबर : आणि वाचवलं कुणाला?

यहदीह : मला विचारू नकोस.

तेकबर : मग कुणाला विचारू? तू नव्हतास. अहमेदूला तू मारलं नाहीस. मला आत्ता उठून नाचायला हवं. आणि मला दिसतंय काय, तर बाबा त्या भिंतीशी बसलेत, समोर ताट आहे, आणि ज्यांना त्यांनी वाट मोकळी करून दिली ते कोण होते ते त्यांना ठाऊकही नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या, यहदीह. भाकरी थापताना दिल्या, नमाजाला उभी राहिले तरी दिल्या. आता त्या कुठे टाकू?

यहदीह : मलाच दे. मी गेलो नसतो तर त्यांनी त्या वाळूत मला शोधलं नसतं.

तेकबर : बाबांनी हे ऐकायला हवं होतं. मग वाटतं, नको. तू निर्दोष म्हणून एक क्षण बरं वाटलं असतं, आणि दुसऱ्याच क्षणाला बाकीचं कळलं असतं. तुझ्यासाठी केलं म्हणून तरी त्यांना ते पेलत होतं.

यहदीह : संध्याकाळी मी लेहबीबकडे जाणार आहे.

तेकबर : काय सांगणार?

यहदीह : आहे ते. मी नव्हतो. बाबांनी काय केलं, का केलं, तेही. तो मारेल तर मारू दे.

तेकबर : तो मारणार नाही. ऐकून घेईल. कदाचित विश्वासही ठेवेल, तो मनाने वाईट नाही. पण तुझ्याकडे दाखवायला काय आहे? दुसऱ्याच्या नावाने काढलेली कैद. गाव म्हणेल, सुटून आला की सगळे असंच सांगतात. आणि आईचं काय?

यहदीह : आईला काय माहीत आहे? पावलाचंच ना.

तेकबर : तेच तर. तुला तिची सवय माहीत नाही. घरात कुणीही आलं, दूधवाली आली, नात्यातली आली, की आई सांगते. माझा यहदीह जिवंत आहे, त्याच्या बापाने त्याचं पाऊल बघितलंय तौजीच्या विहिरीवर. अभिमानाने सांगते. अहमेदूच्या आईलासुद्धा सांगितलं होतं, यहदीह. ती बाई ऐकून उठून गेली आणि आपली आई मला विचारत राहिली, हिला काय झालं? परवा तू आलास तेव्हापासून ती एकच गोष्ट विचारायला टपली आहे. आज नाहीतर उद्या विचारेल, विहिरीवर होतास ना? तू हो म्हणालास तर संध्याकाळच्या आत ते गावभर होईल. तुझ्याच तोंडचं. मग लेहबीबला तू काहीही सांग.

यहदीह : आणि नाही म्हणालो तर?

तेकबर : तर बाबा खोटे पडतील. तिच्यासाठी बाबांनी आणलेली एवढी एकच चांगली बातमी होती. आणि मग ती विचारत बसेल. ते पाऊल कुणाचं होतं, तू तेव्हा कुठे होतास, काय खात होतास. तुरुंगाचं सांगशील तिला? तिच्या डोक्यात तू ती सगळी वर्षं मोकळा फिरत होतास, विहिरींचं पाणी पीत.

यहदीह : तू काय म्हणतेस?

तेकबर : मी काही म्हणत नाही. बाबांच्या वेळीही मला कुणी विचारलं नव्हतं. तुझं नाव आहे, तू बघ. मला फक्त एवढं माहीत आहे की तुझ्या बाजूने बोलायला या गावात मी एकटी उरेन, आणि मी चांगली भांडते.

यहदीह : ते लहानपणापासून.

तेकबर : हळू. उठली वाटतं.

(आतल्या खोलीच्या दारातला पडदा सरतो. सेलेखा भिंतीला हात लावत येते. यहदीह उठून तिला चटईवर बसवतो.)

सेलेखा : कोण ओरडत होतं? तेकबर ना? पोर दोन दिवस झाले येऊन, तोवर हिची सुरुवात.

तेकबर : ओरडत नव्हते, आई. गावातलं सांगत होते.

सेलेखा : गावातलं काय सांगायचंय त्याला? गाव आहे तिथेच आहे. यहदीह, जवळ ये. हात दे. किती खरखरीत झालाय बघ. तुझ्या बापाचा असाच होता. लगाम धरून, स्टिअरिंग धरून. तू काय धरलंस एवढं?

यहदीह : कामं केली, आई. मिळेल ती.

सेलेखा : बरं केलंस. कामाने कुणी मरत नाही. तुला एक विचारायचं होतं. हिच्यासमोर विचारते, नाहीतर म्हणेल आई भ्रमिष्ट झाली. तुझ्या बापाने मला सांगितलं होतं, त्या हिवाळ्यात तू तौजीच्या विहिरीवर आला होतास. त्याने पाऊल ओळखलं. लोकांना वाटतं मी आपलं मनाने रचलंय. तू होतास ना रे तिथे?

तेकबर : आई, त्याला आधी चहा तर पिऊ दे.

सेलेखा : चहा कुठे पळतोय? होतास ना?

यहदीह : होतो, आई.

सेलेखा : बघ तेकबर. मी सांगत होते. मग घराच्या इतक्या जवळ येऊन आला का नाहीस?

यहदीह : यायचं होतं. बरोबरच्या माणसांना घाई होती.

सेलेखा : असू दे. आता आलास. ती विहीर खोल आहे रे, दोर लांब लागतो. लग्नानंतर तुझ्या बापाने मला तिथे नेलं होतं, तेव्हा मी ओढून ओढून थकले आणि तो हसत बसला होता. तू नीट पाणी प्यायलास ना त्या दिवशी?

यहदीह : पोटभर प्यायलो.

सेलेखा : गोड आहे ना अजून?

यहदीह : गोड आहे, आई.